लुगड्यामागची तार

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत, पण कुठलीही लिहायला घेतली की मध्येच माझा मेहुणा येऊन बसतो. म्हणून आधी त्याचीच ओळख करून देतो. त्याचं नाव अंकुश. माझ्या बायकोचा, कुसुमचा, धाकटा भाऊ. राहायला इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याला. धंदा घराघरांवर डिश बसवण्याचा. आणि मी बारामतीचा जुना टीव्ही मेकॅनिक, जो गेली पंधरा-वीस वर्षं या माणसावर जळतो आहे.

जळतो हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. साठी उलटल्यावर "मला त्याचं कौतुकच वाटतं" वगैरे लिहिण्यात काही अर्थ नाही. अंकुशची मोटारसायकल आमच्या दारात थांबली की मी आजही वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. तो आत येऊन वाकून नमस्कार करतो, "दाजी, बरं हाय का?" म्हणून विचारतो, आणि मला वाटतं, हा नमस्कारसुद्धा माझ्यापेक्षा चांगला करतो.

जळण्याचं कारण समजायला थोडा धंदा समजावून सांगावा लागेल.

आमच्या वेळचा टीव्ही, म्हणजे ज्याला ॲनालॉग म्हणतात तो, मोठा बोलका होता. गच्चीवरच्या ॲन्टेनात जे यायचं ते जसंच्या तसं पडद्यावर उमटायचं. वाटेत कुठं विजेची ठिणगी पडली तर तीही चित्रात शिरायची, आणि प्रत्येक ठिणगीची उमटण्याची तऱ्हा वेगळी. पडदाभर मुंग्या म्हणजे सिग्नल दुबळा. जाड काळा पट्टा सावकाश वर चढतो आहे, म्हणजे टीव्हीच्या पोटातला मोठा कंडेन्सर संपला. पांढऱ्या टिंबांच्या आडव्या रांगा म्हणजे जवळ कुठंतरी मिक्सर नाहीतर शिलाई मशीनची मोटर फिरते आहे. वारा सुटला की ठिणग्या आणि वारा पडला की बंद, म्हणजे खांबावरचा जोड सैल. मी टीव्ही उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसता समोर बसायचो. याला मी पडदा वाचणं म्हणायचो. बारामतीपासून सुप्यापर्यंत आणि तिकडे इंदापूरच्या बाजूला लोक सांगायचे, वसंतराव मशीनला हात न लावता रोग सांगतात.

सुप्याला एक निवृत्त गुरुजी होते. रोज दुपारी दोन ते चार त्यांच्या टीव्हीवर टिंबांच्या रांगा यायच्या. दोन मेकॅनिक झाले, ॲन्टेना बदलून झाली. मी बसलो, बघितलं आणि म्हणालो, "गुरुजी, भिंतीपलीकडं कुणीतरी मशीनवर कपडे शिवतंय. मशीनला मोटर लावली आहे."

गुरुजी म्हणाले, "शक्यच न्हाय. शेजारीण घरीच असती. तिचा नवरा चारचौघांत सांगतो, माझ्या बायकोला कामाची गरज न्हाय."

मी पलीकडे जाऊन दार वाजवलं, आणि गुरुजींच्या पडद्यावरच्या रांगा तेवढ्यात थांबल्या. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्यात मोजमापाची टेप होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना सांगू नका. दुपारच्याला ते नसत्यात, तवाच शिवते." मी मोटरला एक छोटा कंडेन्सर लावून दिला, ठिणगी दबली, आणि गुरुजींना सांगितलं की तुमच्याच वायरीत दोष होता. ती बाई पुढं कितीतरी वर्षं आमच्या कुसुमचे ब्लाउज शिवत होती.

सांगवीला एक आजी होत्या. त्यांच्या घराच्या एका अंगाला साखर कारखान्याची चिमणी. सिग्नल सरळही यायचा आणि चिमणीवर आपटून जरा उशिरानंही यायचा, त्यामुळे पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली. बातम्या देणाऱ्या बाई कायम जुळ्या. मी दीड तास ॲन्टेना फिरवून ती सावली घालवली, तर आजी रुसल्या. "ती दुसरी कुठं गेली? लई गरीब व्हती. कधी पुढं आली न्हाय." शेवटी मला ॲन्टेना होती तशी फिरवून द्यावी लागली.

असा माझा काळ होता. मला पडदा वाचता यायचा आणि तो वाचणारे दुसरे फारसे नव्हते. गणपतीत, लग्नात, कुणी भेटलं की म्हणायचं, "वसंतराव, जेवून आमच्याकडं एक चक्कर टाका." कुसुमच्या माहेरी गेलो की पहिला पाट मला मिळायचा, आणि अंकुश तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचा.

मग डिजिटल आलं.

डिजिटलमध्ये चित्र जसंच्या तसं येत नाही, चित्राचे आकडे करून पाठवतात. घरातला डबा ते आकडे जुळवून पुन्हा चित्र करतो. वाटेत थोडी घाण मिसळली तर डबा ती आपल्या आपण निवडून टाकतो, वर कुणाला कळूही देत नाही. घाण फारच झाली की मग एकदम हात वर करतो. चित्र थिजतं, चेहऱ्याचे चौकोन होतात, किंवा निळ्या पडद्यावर "सिग्नल नाही" एवढंच येतं. जुना टीव्ही आजारी पडला की कण्हायचा, त्यावरून दुखणं कळायचं. हा नवा थेट बेशुद्धच पडतो. मिक्सर असो, खांब असो, पाणी शिरलेली केबल असो, सगळ्याला तेच चौकोन. समोर पाच मिनिटं काय, पाच तास बसलं तरी वाचण्यासारखं काही नाही.

अंकुशला वाचायची गरजच नव्हती. त्यानं हातात मावेल एवढं मीटर घेतलं, चार दिवस कुठंतरी शिकला आणि गच्च्यांवर चढायला लागला. डिशचं तोंड फिरवायचं, मीटरवर आकडा बघायचा, नट आवळायचा, खाली उतरायचं. मला एकदा म्हणाला, "दाजी, आता पडद्याकडं बघायलाच लागत न्हाय." त्यात टोमणा नव्हता. तो भाबडेपणानं सांगत होता. म्हणून तर जास्त लागलं.

मीही मीटर घेतलं, खोटं कशाला सांगू. पण लोक अंकुशलाच बोलवायचे. तो माणसांशी बोलायचा. डिश बसवून झाल्यावर म्हाताऱ्यांना रिमोटची बटणं शिकवत तास तास बसायचा, त्यांच्या पत्र्याची गळती बंद करून द्यायचा, येताना कुणाचं औषध आणून द्यायचा. मी दुरुस्ती केली की हात धुऊन निघणारा माणूस. मला वाटायचं काम चोख असलं म्हणजे बास.

कळस झाला तो माझ्याच घरी. एके दिवशी दुकान बंद करून आलो तर आमच्या गच्चीवर डिश. माझी ॲन्टेना, जी मी स्वतः नळ्या कापून बनवली होती, ती जिन्याखाली उभी करून ठेवलेली. कुसुम टीव्हीसमोर बसली होती आणि तिचा चेहरा त्या उजेडात हसत होता.

"अंकुश आला होता. म्हणला, अक्काच्या घरी डिश न्हाय हे बरं दिसत न्हाय."

"मला विचारायचं नाही?"

"तुम्हांला विचारलं असतं तर तुमी आणखी दोन वर्षं ॲन्टेनाच फिरवली असती."

मी त्या रात्री जेवलो नाही असं नाही, जेवलो. पण तो टीव्ही मी आठ दिवस पाहिला नाही. चोरून एकदा पाहिला. चित्र फार सुंदर होतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

अंथुर्ण्याला भानुदासतात्या आणि हिराकाकू म्हणून जोडपं आहे. ऊस, थोडा मका, एक म्हैस. त्यांचा पहिला काळा-पांढरा टीव्ही मी बसवलेला, त्यामुळे मी त्यांना माझं गिऱ्हाईक समजायचो. डिश अर्थातच अंकुशची. त्यांची मुलगी सारिका खो-खो खेळते. गावच्या शाळेपासून खेळत खेळत ती पुण्याच्या मोठ्या संघात गेली. तात्यांनी तिचे एक-दोन सामने पाहिले होते, पण हिराकाकूंनी आपल्या मुलीला शाळा संपल्यापासून एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

त्याला कारण चंद्री, म्हणजे ती म्हैस. चंद्री हिराकाकूंशिवाय कुणालाच धार काढू द्यायची नाही. दुसरं कुणी बसलं की दूध वर चढवून घ्यायची आणि वर लाथ. तात्यांच्या गुडघ्यावर तिच्या लाथेची खूण आहे. सकाळ-संध्याकाळ काकू घरी हव्यातच. सामने नेमके संध्याकाळचे. एकदा मी काकूंना विचारलं होतं, तर म्हणाल्या, "पोरीचा खेळ बघाया जाऊन म्हशीचं थान खराब करू व्हय? मुकं जनावर हाय ते."

मागच्या वर्षी सारिकाच्या संघाचा सामना टीव्हीवर दाखवणार असं कळलं. रविवारी संध्याकाळी सहाला. काकूंनी ठरवलं की धार जरा लवकर उरकून टीव्हीसमोर बसायचं. आणि नेमका त्यांचा टीव्ही बिघडलेला. दिवसभर ठणठणीत, संध्याकाळी साडेपाच वाजले की चित्राचे चौकोन, आवाज तुटक, मग निळा पडदा. अंकुश महिनाभर खेटे घालत होता. डिशवरचा डबा बदलला, केबल बदलली, घरातला डबा बदलला, विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणून स्टॅबिलायझर लावला. तो दुपारी जायचा तेव्हा मीटरवर आकडा उत्तम. संध्याकाळी पुन्हा बोंब.

हे मला कुसुमकडून कळत होतं, आणि मी फार शांतपणे ऐकत होतो. इतका शांत मी बऱ्याच वर्षांत नव्हतो.

"एकदा जाऊन या की," कुसुम म्हणाली. "लई हैराण झालाय तो. काकूंना तोंड दाखवायला लाजतोय. पुढच्या रविवारी पोरीची म्याच हाय."

"त्याचं मीटर काय म्हणतंय?"

"तुमी जाता का न्हाय?"

गेलो. सामन्याला दहा दिवस होते. मी मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण रोग ज्या वेळी येतो त्या वेळी बघायचा ही माझी जुनी सवय. तात्यांनी टीव्ही लावून दिला. साडेपाच वाजले आणि चित्र तुटायला लागलं. मी डोळे मिटले. पडद्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं, पण आवाज तुटत होता तो एका तालात तुटत होता. तुटला, एक सेकंद, पुन्हा तुटला.

माझ्या पिशवीत एक छोटा रेडिओ कायम असतो. तो काढला, दोन केंद्रांच्या मधोमध काटा लावला आणि अंगणात आलो. रेडिओतून आवाज येत होता: टक्. टक्. टक्. सेकंदाला एक. शेतीवाल्या माणसाला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. झटका मशीन. रानडुकरं मक्यात शिरू नयेत म्हणून शेताभोवती तार ओढतात आणि हे बॅटरीवरचं मशीन त्या तारेत सेकंदा-सेकंदाला झटका सोडतं.

पण झटका मशीन गावात पन्नास जणांकडं आहे. त्यानं डिश बंद पडत नाही. मी रेडिओ कानाला लावून अंगणात फिरायला लागलो. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आवाज कान फोडणारा झाला. दोरीवर काकूंचं हिरवं लुगडं वाळत होतं. काकू ते काढायला आल्या आणि हात झटकून म्हणाल्या, "सांजचं हात लावला की मुंग्या येत्यात बगा. ओलं असलं की जास्त. सकाळी काय होत न्हाय."

मी लुगड्याची घडी जरा बाजूला केली. खाली दोरी नव्हती, लोखंडी तार होती. तिचं एक टोक डिशच्या पाइपला बांधलेलं. दुसरं गोठ्यात गेलं होतं. मी गोठ्यात डोकावलो. खुंटीला झटका मशीन टांगलेलं, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि मशीनची जमिनीत जायची जी तार असते तिला पीळ मारून ती त्या कपड्यांच्या तारेला जोडलेली.

क्षणात सगळं उलगडलं. त्या मशीनला जमिनीत सळई ठोकून अर्थिंग द्यावं लागतं. तात्यांनी विचार केला असणार, डिशचा पाइप आधीच दोन फूट जमिनीत आहे, कपड्यांची तार त्याला बांधलेलीच आहे, मग नवा खड्डा कशाला? शेतकऱ्याचं डोकं काटकसरी असतं. आणि अंकुश दिवसा यायचा, त्याला दिसायची ती नुसती कपड्यांची तार आणि वर लुगडं. मशीन आपोआप लागायचं, संध्याकाळी साडेपाचला. प्रत्येक झटका पाइपातून डिशमध्ये आणि डिशमधून केबलनं घरात.

"तात्या, हे मशीन कधी बसवलं?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"महिना झाला असंल. डुकरांनी मका ठेवला न्हाय."

एक पीळ सोडला असता तर काम झालं असतं. हात पुढंही केला होता. मग मनात आलं, हे आत्ता सोडवलं तर उद्या तात्या अंकुशला सांगतील, तो म्हणेल, "आरं तिच्यायला," आणि हसेल, सगळे हसतील, आणि त्याच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा होईल. मला हे नको होतं. मला हवं होतं की त्यानं माझ्या दुकानात यावं, समोरच्या स्टुलावर बसावं आणि म्हणावं, "दाजी, मला सापडत नाही. तुम्ही सांगा."

मी हात मागं घेतला. काकू चहा घेऊन आल्या होत्या. "नको काकू, उशीर होतोय," म्हणालो आणि निघालो.

घरी कुसुमनं विचारलं, "सापडलं का?"

"डिजिटलमधलं मला काय कळतंय? अंकुशला विचार."

मग मी वाट बघत बसलो. दुकानाचं दार वाजलं की मान वर करायचो. एक दिवस गेला, दोन गेले. कुसुमकडून कळलं, अंकुश आता रोज संध्याकाळी तात्यांकडं जातो आणि अंधार पडल्यावर परततो. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रोज संध्याकाळी जातो आणि तरी सापडत नाही! शेजारच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानदाराला मी सांगूनही टाकलं, "फॉल्ट माझ्या खिशात आहे. बघू, नाक घासत किती दिवस येत नाही ते." तो हसला, मीही हसलो.

सामन्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार उजाडला तरी अंकुश आला नाही. तेव्हा मी ठरवलं, रविवारी ऐन वेळेला आपणच जायचं. सहाला सामना, पावणेसहाला मी. घर माणसांनी भरलेलं असेल, पडदा निळा, अंकुश घामाघूम. मी काही न बोलता बाहेर जाणार, एक पीळ सोडणार, आत येऊन बसणार. वाटेत मोटारसायकलवर मी माझं वाक्यही पाठ केलं होतं. "मीटरला सगळंच दिसतं असं नाही, अंकुश."

पोहोचलो तर अंगणात कुणीच नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं. दोरीवर, म्हणजे त्या तारेवर, एकही कपडा नाही. मी क्षणभर घाबरलोच. मग गोठ्यातून आवाज आला, दुधाची धार बादलीत पडते तो.

आत गेलो. चंद्री शांत उभी होती, पेंड खात. तिच्याजवळ हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलेल्या काकू धार काढत बसलेल्या.

"काकू, टीव्ही का लावला नाही अजून?"

लुगडं वळलं. आत मिशा होत्या.

"दाजी, हळू बोला," अंकुश म्हणाला. "बुजंल ती."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "काकू कुठं आहेत?"

"पुण्याला. तात्या अन् काकू, दोघंबी. सकाळच्या एसटीनं गेलीत. म्याच बघायला."

तो हात न थांबवता बोलत होता. "मला काय तो फॉल्ट घावला न्हाय. म्हणलं, टीव्ही न्हाय तर ऱ्हाऊ दे, काकूलाच धाडू. तर तिची अडचण ही चंद्री. मग आठ दिवस सांजचं येऊन बसलो हिच्यापाशी. आदी काकूच्या शेजारी, मग काकूच्या जागी. काकूचं लुगडं घेतलं तवा कुठं पान्हा सोडला हिनं. दोन लाथा खाल्ल्या, पर सोडला."

मी उभाच होतो. त्या आठ संध्याकाळी मी बारामतीत बसून मोजत होतो, तो किती वेळा हरला ते.

मग तो म्हणाला, "तुमाला त्याच दिवशी घावला व्हता ना?"

मी खुंटीवरच्या मशीनकडं बघितलं.

"तात्या म्हणलं, दाजी रेडिओ घेऊन अंगणात फिरलं आणि च्या न घेता गेलं. मी म्हणलं, दाजी च्या सोडून जात्यात म्हंजी नक्की घावलंय."

"मग विचारायला का आला नाहीस?" माझा आवाज उगाचच चढला.

"आलो व्हतो की. दुकानापतुर आलो व्हतो. तुमी शेजारच्याला सांगत व्हता, नाक घासत येतोय का बघू म्हणून." तो थोडा थांबला. चंद्रीनं शेपूट हलवली. "तसं मी घासलंबी असतं, दाजी. पर तुमी हसत व्हता. मग म्हणलं, ऱ्हाऊ दे."

मला पाठ केलेलं वाक्य आठवलं आणि मी खाली बघितलं.

"आता सोडवा काय ते," अंकुश म्हणाला. "म्याच सुरू झाली असंल. मला धार झाल्याबिगर उठता यायचं न्हाय."

मी मशीन बंद केलं आणि तो पीळ सोडला. अर्धं मिनिटही लागलं नाही. घरात जाऊन टीव्ही लावला. चित्र स्वच्छ आलं, एकही चौकोन नाही. मैदानावर पोरी एका रांगेत एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या आणि सारिका खांबाला हात टेकवून गर्रकन वळत होती.

गोठ्यातून अंकुशनं हाक मारली, "आलं का, दाजी?"

ही हाक मी गच्चीवरून हजार वेळा मारली असेल, ॲन्टेना हातात धरून. खालून माणसं ओरडून सांगायची, आलं म्हणून. त्या संध्याकाळी मी आत होतो.

"आलं," मी म्हणालो.

"मग बघा निवांत."

मी त्या रिकाम्या घरात एकटा बसून पूर्ण सामना पाहिला. सारिकाचा संघ थोडक्यात हरला. दुसऱ्या दिवशी मी सळई घेऊन पुन्हा अंथुर्ण्याला गेलो आणि मशीनला लांब, वेगळं अर्थिंग करून दिलं. काकू तेवढ्यात येऊन उभ्या राहिल्या. घसा बसलेला. म्हणाल्या, "ती पडली तवा मी उठून उभी ऱ्हायले. मागची माणसं म्हणली, म्हातारे, खाली बस. टीव्हीपुढं असते तर असं कोण म्हणलं असतं मला?" आणि हसल्या. मग म्हणाल्या, "पर टीव्ही दुरुस्त केला ते झ्याक झालं हां." त्या दिवशी मात्र मी चहा घेतला.

माझा जळफळाट त्यानंतर कमी झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. उलट आता तो म्हशीपर्यंत गेला आहे. ज्या म्हशीनं तात्यांना आयुष्यभर जवळ येऊ दिलं नाही, तिनंसुद्धा अंकुशला आठ दिवसांत दूध दिलं.

यंदा अंकुशच्या मुलीचा साखरपुडा झाला. पंगत बसली होती. कुसुम सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या अंकुशला महिनाभर घावलं न्हाय, ते ह्यांनी पाच मिनिटांत शोधलं. नुसता रेडिओ घेऊन!" हे वाक्य तिच्या तोंडून, तिच्या माहेरच्या माणसांत ऐकण्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो ते माझं मला ठाऊक. मी चमकून अंकुशकडं पाहिलं, कारण तिला हे सांगणारा तोच असणार. तो जिलबी वाढत होता. माझ्या पानाशी आला, वाकला, आणि सगळ्यांना म्हणाला, "व्हय, दाजींचंच काम ते." मी दहा दिवस ते दाबून ठेवलं होतं, हे त्यानं कुणालाही सांगितलेलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही. माझ्या पानात त्यानं दोन जिलब्या जास्त वाढल्या आणि पुढं गेला. मला एकही खाता आली नाही.

कुसुम दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, जाहिरातींसकट. हाही वाचेल. वाचून झाल्यावर ती चष्मा काढून माझ्याकडं बघेल, आणि मग पुढचे कित्येक महिने आमच्या घरात पुन्हा अंकुशचंच कौतुक चालेल. चालू दे. मी समोरच बसलेला असेन.